जिंटीच्या पोटात डिकोडर

पातालपानीचा घाट ज्यांनी मीटर गेजच्या दिवसांत पाहिला आहे, त्यांना कालाकुंड स्थानकावर गाडीला मागून लागणारे दुसरे इंजिन आठवत असेल. खंडव्याकडून आलेली गाडी तिथे थांबली की पळसाच्या पानांवर कलाकंद घेऊन विक्रेते खिडक्यांशी येत, आणि आम्ही मुले त्या पानांत गुंतलेली असतानाच मागून एक धक्का बसे; तो धक्का म्हणजे बँकर लागल्याची खूण. पुढे चाळीसास एक असा चढ, बोगदे आणि वळणे होती. पुढचे इंजिन ओढी, मागचे रेटी, आणि दोन्ही चालक शिट्टीच्या इशाऱ्यांवर एकमेकांचा मेळ राखीत. आजोळ खंडव्याचे असल्यामुळे हे दृश्य मी इतक्या वेळा पाहिले आहे की, निवृत्तीनंतर इंदूरला रामबागेतल्या घराच्या गच्चीवरील खोलीत आठ फूट बाय चार फूट प्लायवर छोटी रेल्वे मांडायला घेतली तेव्हा तिच्यात घाट असणार आणि घाटात बँकर असणार, हे न ठरवताच ठरून गेले होते.

मापांच्या बाबतीत मात्र मी काटेकोर नाही, हे आधीच सांगून टाकतो. माझी इंजिने ब्रिटिश ओओ मापाची, म्हणजे ७६.२ पट लहान केलेली आहेत आणि रूळ १६.५ मिलिमीटर रुंदीचा आहे. गुणाकार करून पाहिला तर हा रूळ प्रत्यक्षात १,२५७ मिलिमीटरचा भरतो, म्हणजे मीटर गेजपेक्षा रुंद आणि ब्रॉड गेजच्या १,६७६ मिलिमीटरपेक्षा बराच अरुंद. महू-खंडवा मार्गाचे गेज रूपांतर वर्षानुवर्षे चाललेले असताना इंदूरकराचा रूळ असा अधांतरी असावा, हे मला तरी अयोग्य वाटत नाही.

खरी अडचण विजेची होती. जुन्या पद्धतीच्या खेळण्यात रुळांवर शून्य ते बारा व्होल्टपर्यंतचा एकदिश प्रवाह असतो. कंट्रोलरची मूठ फिरवली की दाब वाढतो आणि इंजिन वेग घेते, आणि दोन रुळांची धन-ऋण अदलाबदल केली की ते उलटे धावते. या व्यवस्थेत मूठ इंजिनाची नसून रुळाची असते. एकाच रुळावर दोन इंजिने ठेवली तर दोघांना एकच हुकूम मिळतो, परंतु दोघांच्या मोटरींची प्रकृती निराळी असल्यामुळे एक धावते आणि दुसरे त्याच्यामागे फरफटते. माझ्या घाटात मागचे इंजिन गाडीला रेटण्याऐवजी मधले डबे वळणावर रुळाबाहेर ढकलून देत असे.

यावर उपाय म्हणजे डिजिटल नियंत्रण, ज्याला या छंदातली माणसे डीसीसी म्हणतात. १९८० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीतल्या लेन्झ या कंपनीने ही पद्धत विकसित केली आणि पुढे अमेरिकेतल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने तिचे मानक ठरवले, त्यामुळे आज कोणत्याही कंपनीचा डिकोडर कोणत्याही कंपनीच्या नियंत्रकाशी बोलू शकतो. यात रुळांवर सदासर्वकाळ पूर्ण दाब, साधारण चौदा-पंधरा व्होल्ट असतो, आणि दोन रुळांची धन-ऋण बाजू सेकंदाला हजारो वेळा पालटत राहते. हे पालटणे हीच लिपी आहे. एक बाजू ५८ मायक्रोसेकंद टिकली तर तो एक, आणि १०० किंवा त्याहून अधिक टिकली तर ते शून्य. प्रत्येक इंजिनाच्या पोटात बोटाच्या पेराएवढी एक पट्टी, म्हणजे डिकोडर, बसवलेली असते. ती रुळावरून वाहणारी सगळी अक्षरे वाचते, स्वतःच्या क्रमांकाला उद्देशून आलेला हुकूम तेवढा उचलते आणि त्याप्रमाणे मोटरला वीज देते. म्हणजे मूठ आता इंजिनाची होते आणि पुढचे-मागचे इंजिन वेगवेगळे हाकता येते.

नियंत्रक विकत न घेता घरीच जुळवला. जेल रोडवरून आर्डुइनो मेगा ही छोट्या संगणकाची पट्टी आणि तिच्यावर बसून रुळांना वीज पुरवणारी मोटर शील्ड ही दुसरी पट्टी आणली, त्यावर डीसीसी-ईएक्स हा मुक्त आज्ञावलीचा संच चढवला आणि पंधरा व्होल्टचा ॲडॅप्टर जोडला. शील्डच्या मागच्या बाजूला 'व्हिन कनेक्ट' असे लिहिलेली एक बारीक तांब्याची रेघ असते. ती ब्लेडने कापली नाही तर हेच पंधरा व्होल्ट आर्डुइनोत शिरतात, एवढी एक काळजी सोडली तर हा भाग दोन संध्याकाळींत उरकला. शील्डला दोन स्वतंत्र वाटा असतात. एक मुख्य रुळासाठी आणि दुसरी प्रोग्रॅमिंगच्या, म्हणजे डिकोडरमधल्या नोंदी वाचण्या-बदलण्याच्या, रुळासाठी, जिथे प्रवाह मुद्दाम अगदी थोडा ठेवलेला असतो. या दुसऱ्या वाटेचे मोल मला नंतर, आणि पैसे मोजून, कळले.

डिकोडर भाच्याने जर्मनीहून पाठवले. पाठवताना त्याने बजावले होते, "मामा, नव्या डिझेलमध्ये सॉकेट आहे, ते तुम्ही दोन मिनिटांत कराल. जिंटीला मात्र आधी मीटर लावा." नव्या डिझेलबद्दल त्याचे म्हणणे अक्षरशः खरे निघाले. कवच उघडले, आठ छिद्रांच्या सॉकेटमधली कोरी पट्टी उपसली, तिच्या जागी डिकोडरची आठ पिनांची मुंडी बसवली, कवच लावले. त्याबद्दल लिहिण्यासारखे काही नाही.

जिंटीची गोष्ट निराळी. माझे मामा १९६६ ते १९६९ या काळात इंग्लंडात होते आणि परतताना त्यांनी माझ्यासाठी ट्राय-अँग हॉर्न्बीचा एक संच आणला होता. त्यातले हे काळे, सहा चाकांचे, पाण्याच्या टाक्या अंगावरच वागवणारे शंटिंगचे इंजिन. लंडन मिडलंड अँड स्कॉटिश रेल्वेच्या या जातीच्या खऱ्या इंजिनांना तिकडे जिंटी म्हणत. पन्नासहून अधिक वर्षांत याने इंदूरची धूळ, दोन घरबदल आणि माझ्या मुलांचे बालपण पचवले आहे. त्याच्या काळात डिकोडर नावाची वस्तू कोणाच्या स्वप्नातही नव्हती, हे लक्षात ठेवूनच त्याच्या पोटात हात घालायला हवा होता.

मी तसे केले नाही. इंजिनाचे कवच उतरवल्यावर आत जे दिसले ते इतके साधे होते की ते आपल्याला समजले असे मला वाटले. ओतीव धातूची चॅसी, म्हणजे सांगाडा, तिच्यावर स्क्रूने आवळलेली एक्सओ-४ जातीची उघडी मोटर, मागे मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे दोन ब्रश, आणि एका बाजूच्या चाकांवर टेकलेली पातळ पट्टी जिच्यापासून एक तार एका ब्रशकडे गेलेली. डिकोडरच्या तारांचे रंग मानकाने ठरलेले आहेत. लाल आणि काळी रुळांकडून वीज घेण्यासाठी, नारिंगी आणि करडी मोटरसाठी, पांढरी, पिवळी आणि निळी दिव्यांसाठी. मी पट्टीची तार ब्रशवरून काढून तिथे नारिंगी जोडली, पट्टीला लाल जोडली, चॅसीच्या स्क्रूला काळी जोडली, आणि दुसऱ्या ब्रशला करडी. निळी आणि पांढरी यांच्यामध्ये एक किलोओहमच्या रोधकासह एक एलईडी तपासणीपुरता टांगला. चार तारा, चार जागा, हिशेब पुरा.

त्यानंतर प्रोग्रॅमिंगच्या रुळाकडे न वळता मी इंजिन थेट मुख्य रुळावर ठेवले आणि नव्या डिकोडरचा कारखान्यातून ठरून येणारा क्रमांक ३ घेऊन वेग दिला. एलईडी लागला. इंजिन अर्धा सेकंद थरथरले. मग खोलीत तो वास पसरला, जो एकदा घेतलेला माणूस विसरत नाही, थोडा जळक्या रबराचा, थोडा माशांसारखा. शील्डने प्रवाह तोडला, पण तोवर व्हायचे ते होऊन गेले होते. पुन्हा वीज दिली तर एलईडी आज्ञा पाळत होता, मोटर मात्र कोणत्याही आज्ञेला हलली नाही. पोस्टखर्च आणि सीमाशुल्क धरून अडीच हजारांचा ऐवज अर्ध्या सेकंदात गेला.

जेल रोडवर मोबाइल दुरुस्तीचे एक लहानसे दुकान आहे, तिथल्या मुलाकडे सूक्ष्मदर्शक असतो. पट्टी त्याच्याकडे नेली. त्याने ती भिंगाखाली धरली, क्षणभर पाहिले आणि म्हणाला, "अंकल, इसका पेट जल गया।" मीही डोळा लावला. एका काळ्या चौकोनी चिपच्या मधोमध टाचणीच्या टोकाएवढा खड्डा पडला होता आणि त्याच्याभोवती तपकिरी कडे. मोटरला वीज देणारे ट्रान्झिस्टर त्या चिपमध्ये होते. मुलाने पैसे घेतले नाहीत, पण हे आहे तरी काय ते तपशीलवार विचारून घेतले आणि शेवटी, इतक्या कष्टांनी एवढेसे इंजिन चालवायचे कशासाठी, असा प्रश्न केला, ज्याचे उत्तर मी पुढच्या खेपेवर ढकलले.

घरी येऊन मल्टिमीटर घेतला आणि पहिल्यांदाच करायला हवे होते ते काम केले. मीटर बीपवर ठेवला, म्हणजे दोन टोकांमध्ये विजेला थेट वाट असेल तर तो वाजतो, आणि एक टोक चॅसीला आणि दुसरे त्या ब्रशला लावले ज्याला मी करडी तार जोडली होती. बीप वाजला. म्हणजे तो ब्रश मुळातच चॅसीशी जोडलेला होता. चॅसी एका बाजूच्या धातूच्या चाकांतून रुळाशी जोडलेली होती, आणि मी डिकोडरच्या मोटरकडच्या तारेवर रुळाची संपूर्ण वीज सोडली होती. जुन्या पद्धतीत याने काही बिघडत नाही, उलट कारखान्याची एक तार वाचते. मोटरचे एक टोक चॅसीतून घेणे हीच त्या काळची रीत होती. डिजिटल पद्धतीत मात्र मोटर आणि रूळ यांचा परस्परांशी कसलाही थेट संबंध असता कामा नये. त्यांच्यात केवळ डिकोडर असावा. हे वाक्य मी आधीही दहा ठिकाणी वाचले होते. वाचलेले होते म्हणून ते ठाऊक आहे असे धरून चाललो, एवढाच काय तो फरक.

आता ब्रशला चॅसीपासून तोडायचे कसे, हा प्रश्न. एक्सओ-४ मोटरीत दोन्ही ब्रशांना दाबून धरणारी एकच तारेची स्प्रिंग असते, केसांच्या चिमट्यासारखी दोन पायांची. ती मोटरच्या लोखंडी अंगावर बसते, म्हणजे विजेच्या दृष्टीने चॅसीचाच भाग असते. तिच्या एका पायावर इन्सुलेशनची अगदी बारीक नळी चढवलेली दिसते, आणि त्या बाजूचा ब्रश चॅसीपासून अलग राहतो. दुसरा पाय उघडा असतो आणि त्यातूनच दुसऱ्या ब्रशला वीज मिळते. कारखान्याने एका पायाला केले ते आपण दुसऱ्या पायाला करायचे, इतका हा उपाय सरळ आहे. मी एका निकामी रिमोटमधल्या तारेचे वेष्टन सोलून त्याचा चार मिलिमीटरचा तुकडा काढला, स्प्रिंगचा पाय चिमट्याने उचलून त्यावर चढवला, आणि वेष्टन व ब्रश यांच्यामध्ये पितळेच्या पातळ पत्र्याची एक पट्टी सरकवून तिच्या बाहेर राहिलेल्या टोकाला करडी तार सोल्डर केली. स्प्रिंग दोनदा हातातून निसटली. दुसऱ्या वेळी ती सापडायला पाऊण तास लागला, आणि ती सापडली चुंबकाने, केराच्या सुपलीत. तेव्हापासून असली कामे मी पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून करतो.

या टप्प्यावर सगळे उरकायला हवे होते, पण मोटर उघडलीच आहे तर ब्रश ज्यावर घासतात तो कॉम्युटेटर पुसून घ्यावा असा मोह झाला. तांब्याच्या त्या तीन पाकळ्यांमधल्या फटी कार्बनच्या भुकटीने बुजल्या होत्या, हे खरेच. त्या फटी लाकडी दात-कोरणीने साफ केल्या, पाकळ्या आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसल्या, आणि हे करण्यासाठी आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरता भाग, बाहेर काढताना वरचा चुंबकाचा ठोकळाही सोडवला. रात्र झाली होती म्हणून सुटे भाग टेबलावर तसेच ठेवून झोपलो.

सकाळी मोटर जुळवली, जुन्या कंट्रोलरच्या बारा व्होल्टवर चालवली, तर ती पूर्वीपेक्षा वेगाने फिरत होती, पण बोट लावले की चटकन दमत होती. सुदैवाने आदल्या दिवशी मी आकडे लिहून ठेवले होते. चाके मोकळी असताना प्रवाह ०.३ अँपिअर होता, तो आता ०.७ झाला होता. कारण चुंबकाचे. त्या काळचे हे चुंबक अल्निको मिश्रधातूचे असतात. मोटरच्या लोखंडी ध्रुवांमधून ते बाहेर काढले आणि त्यांच्या दोन तोंडांना जोडणारे लोखंड लगेच लावले नाही, तर त्यांची ताकद तिथल्या तिथे उतरते. मोटर कमकुवत झाली की ती तेवढ्याच कामासाठी जास्त प्रवाह मागते, आणि हा जास्तीचा प्रवाह डिकोडरमधून जायचा असतो. माझ्या उरलेल्या डिकोडरची सततची मर्यादा एक अँपिअर होती. आदल्या दिवशी चाके बोटांनी धरून, क्षणभरच, मोटर अडवून पाहिली होती तेव्हा मीटरने १.१ दाखवले होते, आणि तेवढे क्षणिक ओझे तो सहज पेलणार होता. मात्र घाटात रेटताना मोटर सतत तेवढ्याच्या आसपास राहिली असती तर दुसरी चिपही पहिलीच्या वाटेने गेली असती.

निओडायमियमचे छोटे चौकोनी चुंबक आता सहज मिळतात. ते मूळ ठोकळ्यापेक्षा लहान, पण कितीतरी जोरकस. दोन चुंबक एकमेकांवर ठेवून उरलेल्या जागेत लोखंडी पट्टीचे तुकडे भरले आणि जुन्याच स्क्रूने ते आवळले. प्रवाह ०.२ वर आला. चुंबकाची दिशा उलट बसल्यामुळे मोटर उलटी फिरू लागली, पण त्यासाठी चुंबक पुन्हा काढण्याची गरज नव्हती, नारिंगी आणि करडी यांची अदलाबदल केली की भागते. मामांनी आणलेल्या इंजिनातला मूळ भाग काढावा लागला याची चुटपुट लागली आणि तो ठोकळा मी कागदात गुंडाळून त्याच डब्यात ठेवला आहे.

दुसरा डिकोडर बसवण्यापूर्वी मीटरने सगळ्या जोड्या तपासल्या. दोन्ही ब्रश चॅसीशी, दोन्ही ब्रश पट्टीशी, पट्टी चॅसीशी, आणि हे सर्व चाके हाताने हळूहळू फिरवत, कारण एखाद्या विशिष्ट स्थितीतच एखादी तार कुठेतरी टेकते. कुठेही बीप नाही. मग मोटरच्या दोन टोकांना आडवा जोडलेला तो छोटा तपकिरी कपॅसिटर कापून टाकला. तो शेजाऱ्यांच्या रेडिओ-टीव्हीत खरखर होऊ नये म्हणून लावलेला असे. डिकोडर मोटरला वीज अतिशय वेगाने तोडून-जोडून देतो आणि मधल्या क्षणांत मोटरचा उलट दाब मोजून वेग स्थिर ठेवतो, त्या मोजणीत हा कपॅसिटर विघ्न आणतो. दिव्यांच्या तारा लागणार नव्हत्या, तरी त्या मुळापासून छाटल्या नाहीत. प्रत्येकीचे टोक वेगळ्या बारीक स्लीव्हमध्ये बंद करून त्या गुंडाळून ठेवल्या, न जाणो पुढे कधी कंदील लावावासा वाटला तर. डिकोडर कुठे ठेवावा हा प्रश्न जिंटीने स्वतःच सोडवला, कारण पाण्याच्या टाकीच्या आत, मोटरच्या शेजारी, अंगठ्याएवढी पोकळी निघाली. तिथे चॅसीच्या धातूवर आधी कॅप्टन टेप, म्हणजे उष्णता सोसणारी इन्सुलेशनची पट्टी, लावली. साधी काळी चिकटपट्टी वापरू नये असे मी आग्रहाने सांगेन, कारण इंदूरच्या मे महिन्यात गच्चीवरच्या खोलीत तिचा डिंक पाघळतो आणि दोन वर्षांनी सगळे चिकट होऊन सरकते.

या वेळी आधी प्रोग्रॅमिंगचा रूळ. डिकोडरच्या स्मृतीत क्रमांक दिलेली घरे असतात, त्यांना सीव्ही म्हणतात. पहिल्या घरात इंजिनाचा क्रमांक, दुसऱ्यात सुटण्यासाठी द्यायचा किमान दाब, तिसऱ्यात-चौथ्यात वेग घेण्याची आणि सोडण्याची सावकाशी, पाचव्यात कमाल वेग, सहाव्यात मधला. मी पहिले घर वाचण्याची आज्ञा दिली, उत्तर आले नाही. पुन्हा दिली, नाही. हात गार पडले. पण वास नव्हता, आणि इथे प्रवाह इतका कमी असतो की चूक असली तरी सहसा काही जळत नाही. थोडा विचार केल्यावर उलगडा झाला. डिकोडरला बोलता येत नाही. तो 'होय' म्हणण्यासाठी मोटरला क्षणभर वीज देतो, आणि त्या किमान साठ मिलिअँपिअरच्या हिसक्यावरून नियंत्रकाला उत्तर कळते. मोटरच जोडलेली नसेल तर होकार येणार कुठून? पितळेची माझी पट्टी ब्रशवरून अर्धा मिलिमीटर सरकली होती. ती बसवली, आज्ञा दिली, इंजिन जागच्या जागी किंचित दचकले आणि पडद्यावर ३ उमटला.

इंजिनाच्या अंगावरचा क्रमांक पाच आकडी आहे, आणि लांब क्रमांकांची मर्यादा १०,२३९ इतकीच असल्यामुळे तो पुरता देता येत नाही. म्हणून शेवटचे आकडे दिले. एकोणतिसाव्या घरातली ६ ही किंमत बदलून २ केली. त्यामुळे जुन्या पद्धतीच्या विजेवर धावण्याची मुभा बंद होते, आणि रुळावर काही गडबड झाली तर इंजिन अचानक सुसाट सुटण्याचा धोका टळतो. दुसऱ्या घरात किती द्यावे हे मात्र पुस्तकात नसते. मी वेगाची पहिली पायरी देऊन किंमत एकेकाने वाढवत गेलो आणि चाके नुसती वळू लागली तिथे थांबलो. बारा व्होल्टच्या कंट्रोलरवर ज्या इंजिनाला उडी मारल्याशिवाय सुटता येत नव्हते, ते आता रुळाखालचा एक स्लीपर ओलांडायला सावकाश तीन सेकंद घेत होते, आणि त्याच्या जुन्या गिअरांची कुरकुर पहिल्यांदाच स्वतंत्रपणे ऐकू येत होती.

बँकरचे काम त्यानंतर आठ दिवस चालले, कारण नवे डिझेल आणि जिंटी यांचा वेग जुळवणे हे डिकोडर बसवण्यापेक्षाही चिकाटीचे निघाले. दोन्ही इंजिने एकमेकांपासून हातभर अंतरावर, न जोडता, एकाच पायरीवर सोडायची आणि एका फेरीत अंतर वाढते की घटते ते पाहून डिझेलच्या पाचव्या-सहाव्या घरातल्या किंमती खाली आणायच्या. मला आढळले ते असे की मागचे इंजिन पुढच्यापेक्षा अगदी किंचित संथ ठेवलेले बरे. सपाटीवर ते नुसते सोबत येते, आणि चढावर गाडी मंदावली की आपोआप रेटू लागते. नेमके बरोबरीचे केले तर वळणावरचे रिकामे डबे अजूनही उचलले जात. ज्या रात्री सहा डब्यांची गाडी कालाकुंडहून सुटली आणि बोगद्यातून निघून पातालपानीच्या फलाटापर्यंत एकही डबा न पाडता पोचली, त्या रात्री पत्नीला मुद्दाम वर बोलावले. तिने दोन फेऱ्या पाहिल्या आणि कलाकंदवाले कुठे आहेत असे विचारले. ते अजून केलेले नाहीत.

सध्या टेबलावर तिसरे इंजिन आहे, धाकट्या भावाने १९८६ साली दुबईहून आणलेले लिमा कंपनीचे डिझेल. याची मोटर चपटी, गोल, भाकरीसारखी असते आणि ती मागच्या बोगीतच बसवलेली असते. तिच्याही एका ब्रशची जोडणी धातूच्या अंगाशी होती, ती मी कापली, आणि मीटरने बीप दिला नाही. पण या वेळी मी बीपवर थांबलो नाही. मीटर रोध मोजण्यावर ठेवला तर अनंताऐवजी चार किलोओहम दाखवले. ब्रशघर आणि कवच यांच्यामधल्या खाचेत चाळीस वर्षांची कार्बनची भुकटी तेलात कालवली जाऊन बसली आहे, आणि तीच वीज झिरपू देते. दोनदा अल्कोहोलने धुतल्यावर आकडा अकरा किलोओहमवर गेला आहे. मोटर उन्हात वाळत ठेवली आहे, आणि डिकोडर अजून पाकिटातच आहे.